पोपटाचा अ.पा.क.

पोपटाला मिरची आवडते हे ज्ञान मराठी माणसाला बाराखडीच्या आधी होतं. पुढे आयुष्यात बऱ्याच गोष्टी खोट्या निघतात. अभ्यास केला की नोकरी लागते, नोकरी लागली की चिंता मिटते, लग्न झालं की माणूस मार्गी लागतो, वगैरे. पण पोपट आणि मिरची यांवरची आपली श्रद्धा शेवटपर्यंत ढळत नाही. पोपट, पेरू आणि हिरवी मिरची असं चित्र पाटीवर काढून दाखवलं, तर कोणत्याही बालवाडीतल्या बाई डोळे मिटून 'शाबास' म्हणतील.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून आहे. शेतीभातीशी त्याचा संबंध पीककर्जाच्या फॉर्मपुरता. पण आयात-निर्यात हा विषय आम्हांला परीक्षेला होता, म्हणून सांगतो. मिरची आपली नव्हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती अमेरिकेकडून आली. बरं, पेरू? तोही तिकडचाच. त्याचं नावसुद्धा पेरू देशावरून पडलं असं सांगतात. मका तिकडचा. सूर्यफूल तिकडचं. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी आपल्या एखाद्या पूर्वजाने वाईच्या घाटावर पोपट पाळला असेल, तर त्याच्या वाटीत डाळ, जोंधळा आणि फार तर उंबरं पडत असणार. ज्याला आपण पोपटाचा परंपरागत आहार म्हणतो, तो बराचसा परदेशी माल आहे.

आणि खुद्द पेरू देशातले पोपट काय करतात? ते तिथल्या तांबोपाता नदीच्या काठी, दरडीवर, शेकड्यांनी जमतात आणि माती खातात. अक्षरशः माती. जंगलातल्या आहारात मीठ कमी पडतं म्हणून खातात असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. कच्च्या फळांत नि बियांत जे विषारी अंश असतात त्यांवर उतारा म्हणून खातात, असं दुसरे म्हणतात. आपण मात्र 'माती खाल्ली' हा वाक्प्रचार उगाचच वाईट अर्थाने वापरतो.

मिरचीची तर आणखीच गंमत. तिच्यातलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य आपल्या जिभेला आग लावतं, पण पक्ष्यांच्या मज्जातंतूंना ते जाणवतच नाही. मिरचीचा त्यात स्वार्थ आहे. जनावरं बी चावून त्याचं पीठ करतात, पक्ष्यांच्या पोटातून ते बहुधा अख्खं बाहेर पडतं आणि लांबवर रुजतं. तेव्हा पोपट कचाकचा मिरची खातो यात त्याचा कसलाही पराक्रम नाही. तो काकडी खावी तशी खात असतो. टाळ्या आपण वाजवतो, डोळ्यांत पाणी आपल्या येतं, 'बघा बघा, तिखट लागत नाही त्याला!' असं पाहुण्यांना आपण सांगतो. म्हणजे मिरची त्याच्या पोटात जाते आणि करमणूक आपली होते. गेलं वर्षभर मला एक प्रश्न छळतो आहे तो इथूनच सुरू होतो. दुसऱ्याला खाऊ घालताना आपण नक्की कुणाचं समाधान करत असतो?

माझ्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. वाईच्या तिच्या घरी, १९८७-८८ च्या सुमाराला, माजघराच्या दारात पिंजरा टांगलेला असे आणि त्यात मिठू. सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ. दुपारी दूध-पोळीचा काला. तिसऱ्या प्रहरी बशीत चहा, त्यात बुडवलेलं बिस्कीट. सणावारी जे नैवेद्याच्या पानात तेच मिठूच्या वाटीत, म्हणजे पुरणापासून भज्यांपर्यंत. आजीचा आग्रह हा एक नैसर्गिक कोप होता. तिच्या पंगतीतून जावईसुद्धा स्वतःच्या पायांनी उठून गेल्याचं कुणाला आठवत नाही. मिठू तर पिंजऱ्यात होता, तो उठून जाणार कुठे? एके दिवशी तो दांडीवरून खाली पडला तो उठलाच नाही. आजी दोन दिवस जेवली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "कशाकशाची कमी पडू दिली नव्हती हो त्याला." ते अगदी खरं होतं. कमी काहीच पडलं नव्हतं. जास्त काय पडलं, हे त्या काळी कुणी मोजत नसे.

आज तसा मिठू घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे आणि देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. परदेशी पोपटांना मात्र ही अडचण नाही. म्हणजे आमराईतला राघू धरला तर अपराध, आणि ऑस्ट्रेलियातल्या कुळातला दुकानातून आणला तर छंद. कायद्याच्या मागचं कारण मला पटतं. इथला पक्षी धरला की इथलं झाड ओकं होतं. पण पिंजऱ्यातल्या पक्ष्याला स्वतःचं कूळ कुठलं याने फारसा फरक पडत असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे जो आला तो ऑस्ट्रेलियन. कॉकॅटिएल म्हणतात त्याला. काकाकुव्याच्या घराण्यातला धाकटा भाऊ. करडा अंगरखा, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर शेंदरी टिळे. एकूण थाट बोहल्यावर चढायला निघालेल्या नवऱ्या मुलाचा. आमच्या समोरच्या बिऱ्हाडाची बदली दूर गावी झाली आणि जाताना ते फ्रिज भाच्याला, कुंड्या वॉचमनला आणि हा बंटी आमच्या कन्येला देऊन गेले. सोबत सूर्यफुलाच्या बियांचा पाच किलोचा डबा. आणि एक तोंडी सूचना, "याला दुसरं काही आवडत नाही. आणि संध्याकाळी थोडा चहा लागतो."

चहा लागतो म्हणजे काय, तर बंटीला एकच शब्द बोलता येतो आणि तो 'चहा' हा आहे. त्याच्या जातीचे नर शीळ उत्तम घालतात, बोलण्यात मात्र यथातथाच. सहा वर्षांच्या आयुष्यात त्याने हा एक शब्द कमावला. दुपारचे पाच वाजले, स्वयंपाकघरात कपबशी वाजली की तुरा ताठ करून तो विचारतो, "चहा?" प्रश्नचिन्हासकट.

कन्या आठवीत आहे. म्हणजे आमच्या घरातली सर्वांत शिकलेली व्यक्ती. तिने आठवड्याच्या आत फर्मान काढलं की बंटीला डॉक्टरकडे न्यायचं. पक्ष्यांचे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची फी पाहून क्षणभर वाटलं की यांनी पिंजराही तपासला असावा. त्यांनी बंटीला एका डब्यात घालून वजन केलं. १३२ ग्रॅम. या जातीचा पक्षी साधारण ८० ते ११० ग्रॅमच्या आसपास असतो म्हणे. मला पटकन बावीस ग्रॅमचं महत्त्व कळेना. डॉक्टरांनी माझ्याकडे, विशेषतः माझ्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही टक्केवारीत विचार करा." बँकेच्या माणसाला एवढं पुरे.

पुढचा अर्धा तास त्यांनी जे सांगितलं ते कन्येने वहीत उतरवून घेतलं. सूर्यफुलाच्या बियांच्या गरात जवळजवळ निम्मी चरबी असते. त्यात अ जीवनसत्त्व नाही म्हटलं तरी चालेल आणि कॅल्शियमही फारच थोडं. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाच्या यकृतावर चरबी चढते. अ जीवनसत्त्वाअभावी नाकातोंडाचं आतलं अस्तर बिघडतं आणि मग साध्या जंतूंनाही दार उघडं सापडतं. त्याला हवं गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, मक्याचं कणीस, थोडे राळे, आणि पक्ष्यांसाठी मिळणारं गोळीखाद्य. फळ द्यावं पण बेताने. सफरचंदाच्या बिया काढून, कारण त्यांत सायनाइड तयार करणारा पदार्थ असतो. राजमा दिलाच तर पूर्ण शिजवून, कच्चा कधीच नाही. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याच्या गजाला समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा. ॲव्होकाडो विषासमान. चॉकलेट तसंच. फरसाण, वेफर्स, कांदा, लसूण, दारू, काही नाही. दूध पक्ष्याला पचत नाही, त्यातली साखर फोडण्याची सोयच त्याच्या पोटात नसते. (आजीचा काला!) आणि पाणी साधं, ताजं, दिवसातून दोनदा बदललेलं. त्यात साखर नको, टॉनिकचे थेंबसुद्धा सल्ल्याशिवाय नकोत. पाण्याचं भांडं दांडीच्या बरोबर खाली ठेवू नये, याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

"आणि चहा?" कन्येने विचारलं.

"एक थेंबही नाही. चहातलं कॅफिन एवढ्याशा हृदयाला झेपत नाही."

पिंजऱ्यातून आवाज आला, "चहा?"

आमच्या घरी वडील असतात. अण्णा. निवृत्त शिक्षक, वय एकोणऐंशी, गेली अठरा वर्षं साखरेचं पथ्य. रात्री जेवताना कन्येने वही वाचून दाखवली तेव्हा अण्णा दुधी भोपळ्याच्या भाजीकडे पाहत शांतपणे म्हणाले, "हे सगळं ठरवलंत ते ठीक. पण त्याला विचारलंत का?"

"अण्णा, पक्ष्याला कसं विचारणार?"

"मला तरी कुठं विचारता?"

यावर सौ. ने अण्णांना आणखी थोडी दुधीची भाजी वाढली आणि विषय संपवला. पण माझ्या डोक्यातून तो जाईना. कारण अण्णा विनोद करत होते आणि विनोदात तेवढं एकच वाक्य विनोदी नव्हतं.

जमिनीच्या सातबाऱ्यावर तुम्ही पाहिलं असेल, एखाद्या नावापुढे लिहिलेलं असतं: 'अ.पा.क. आई'. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक वयाने अज्ञान, म्हणून त्याच्या वतीने सही करणारं माणूस. बँकेतही अज्ञान खातेदार असतात. पैसा पोराचा, सही बापाची. काढलेली रक्कम अज्ञानाच्या हितासाठीच वापरीन असं बाप लिहून देतो, आणि आम्ही ते फाइलला लावतो. पुढे तो त्या पैशातून पोराची फी भरतो की स्वतःसाठी मोटारसायकल घेतो, ते देव जाणे. पण निदान त्या पोराला मुदत असते. दहा वर्षांचं झालं की काही मर्यादेत त्याला स्वतः खातं चालवता येतं, अठरा पूर्ण झाली की बापाची सही रद्द. कॉकॅटिएल चांगला सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. पण विसाव्या वर्षीही त्याचं खातं त्याच्या नावे वर्ग होत नाही. पालनकर्त्याची सही शेवटपर्यंत चालते आणि तिची तपासणी करायला कोणताही ऑडिटर येत नाही.

जुन्या काळी हे उलटं होतं. 'शुकसप्तती'त नवरा परगावी गेलेला असताना घरधनीण भलत्या वाटेला लागू नये म्हणून पोपट तिला रोज रात्री एक गोष्ट सांगतो आणि सत्तर रात्री घरात थोपवून धरतो. म्हणजे त्या घराचा अ.पा.क. पोपट होता. त्याला डाळ कोण घालत होतं याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आता दुसरी बाजू. ती आमच्या शाखेतल्या कॅशिअरनी मधल्या सुट्टीत मांडली. ते म्हणाले, "अहो, खाऊ द्या की त्याला हवं ते. आयुष्यात दुसरं काय सुख आहे त्याला? सिनेमा पाहतो? क्रिकेट पाहतो? चार बिया खातो बिचारा. तुम्ही त्याला गाजर खायला लावून पाच वर्षं वाढवून देणार. कशाला? पिंजऱ्यात बसायला?"

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आवडीचं खाऊन थोडं जगावं की नावडतं खाऊन पुष्कळ, हा प्रश्न पोपटाच्या आधीपासून माणसाला पडलेला आहे आणि बहुतेक माणसं त्याचं उत्तर लग्नाच्या पंगतीत देतात. पण मला वाटतं कॅशिअरसाहेब हिशेबातली एक नोंद विसरतात. शेतातल्या पोपटाकडे पाहा. तो काय कमी अधाशी असतो? जोंधळा हुरड्यात आला की थवेच्या थवे उतरतात. खातात त्याहून जास्त नासतात. माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा पोपटाची आवडनिवड. पण त्या कणसापर्यंत यायला तो मैल दोन मैल उडत आलेला असतो. गोफणीचा दगड चुकवून परत उडणार असतो. चरबीदार बी त्याला कधीतरी, कुठेतरी, कष्टाने सापडतं. म्हणून ते दिसलं की सोडायचं नाही, ही अक्कल त्याच्या रक्तात मुरलेली आहे. ती अक्कल चुकीची नव्हतीच. बंटीच्या रक्तातही तीच आहे. फरक एवढाच की त्याचं उडणं आपण काढून घेतलं आणि भूक तेवढी जागच्या जागी ठेवली. नावेची बाजू पुसून टाकायची आणि जमेची तशीच चालू ठेवायची. असा ताळेबंद कोणत्याही शाखेत जुळणार नाही.

तेव्हा 'त्याला आवडतं' हे म्हणणं बंटीच्या बाबतीत मला पुरेसं वाटत नाही. अण्णांच्या बाबतीत मात्र ते मला गप्प करतं. कारण अण्णांचा दरवाजा उघडा आहे. दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात आणि परत जाताना कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात, जिलबीच्या परातीसमोर, आपण हयात असल्याचा दुसरा दाखला देतात. सौ. ला हे ठाऊक आहे. अण्णांना ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दुधी निमूट खाल्ला जातो. हा दोन सज्ञान माणसांमधला व्यवहार झाला. बंटीला कोपऱ्यावर जाता येत नाही. ज्याने दार लावलं, वाटीत काय पडतं याचा जाब त्यालाच द्यावा लागणार. आणि दार आपण लावलेलं नसून समोरच्या बिऱ्हाडाने लावलेलं होतं, ही सबब चालत नाही. खातं दुसऱ्या शाखेतून वर्ग होऊन आलं तरी बाकी आपलीच असते.

एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर संध्याकाळी आत्या आली. अण्णांची धाकटी बहीण, म्हणजे वाईच्या त्या आजीचीच लेक. पाच वाजले, कपबशा वाजल्या, आणि बंटीने तुरा ताठ केला. "चहा?"

"अगं बाई, मागतोय!" आत्या विरघळली. "दे रे दोन थेंब बशीत. मुक्या जिवाला नाही म्हणू नये."

"आत्या, मुका असता तर मागितलं असतं का?"

पण गोष्ट तिथेच तर अडते. गाय चहा मागत नाही, मांजर मागत नाही. पोपट हा असा पाळीव प्राणी की जो आपल्या भाषेत मागणी नोंदवू शकतो, आणि नेमकी ती मागणी आपणच त्याला पढवलेली असते. कोऱ्या फॉर्मवर आपणच मजकूर लिहायचा, खाली त्याचा अंगठा घ्यायचा आणि मग म्हणायचं, 'बघा, अर्जदाराचीच इच्छा आहे.' पोपटपंची म्हणतात ती हीच, फक्त ती करणारा कोण याबद्दल आपला थोडा गोंधळ झालेला आहे.

तरी सगळेच पोपट नुसते पढतात असं म्हणायची सोय राहिलेली नाही. अमेरिकेत ॲलेक्स नावाचा एक आफ्रिकन करडा पोपट होता. आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी त्याला १९७७ साली आणला आणि २००७ मध्ये तो वारेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, शिकवला. त्याने केळं मागितलं आणि हातात शेंगदाण्यासारखं दुसरंच काही ठेवलं, तर तो गप्प बघत राही, पुन्हा केळं मागे, नाहीतर ते दाणे मास्तरांच्या अंगावर भिरकावून देई. आमच्या काउंटरवरचे काही खातेदार आठवले. सफरचंदाला तर त्याने स्वतःच्या मनाने नवा शब्द केला होता, केळं आणि चेरी यांची इंग्रजी नावं जोडून. म्हणजे पोपटाला खरोखरच एखादी गोष्ट हवी असू शकते आणि दुसरी चालणार नसते.

मग बंटीला काय हवं होतं? चहा?

कन्येने शोध लावला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने त्याच बशीत, त्याच ऐटीत, कोमट पाणी आणून ठेवलं. आम्ही चौघं आपापले कप घेऊन नेहमीसारखे भोवती बसलो. बंटीने बशीत चोच बुडवली, मान वर केली, दोन घोट घेतले, अंग फुलवलं आणि शीळ घातली. कुठलीही तक्रार नाही. पेपरबर्गबाईंच्या ॲलेक्ससारखं त्याने काही फेकून मारलं नाही.

"फसवलंस की त्याला," मी म्हणालो. मला ते थोडं लागलंच होतं. आम्ही बँकेत बनावट नोटेवर शिक्का मारतो आणि घरात बनावट चहा चालवायचा?

"फसवलं कसं?" कन्या म्हणाली. "बाबा, त्याला चहा म्हणजे काय ते कुठं माहिती आहे? पाच वाजता सगळे जवळ येऊन बसतात त्याला तो चहा म्हणतो."

अण्णांनी आपल्या बिनसाखरेच्या, बिनदुधाच्या कपात डोकावून पाहिलं. "मीही याला चहाच म्हणतो," ते म्हणाले.

कन्या म्हणते ते बरोबर असेल, नसेलही. आपल्याला सोयीचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडी घालण्याचा हा आणखी एक प्रकार असू शकेल. पण त्या दिवसापासून बशीत पाणी असतं, आम्ही पाच वाजता बसतो (मी रविवारी), आणि बंटीकडून अद्याप निषेध आलेला नाही.

बियांचं प्रकरण एवढ्यावर भागणारं नव्हतं. "भुकेला कोंडा," असं मी डॉक्टरांना फोनवर म्हणालो, म्हणजे दोन दिवस वाटी रिकामी ठेवू, झक मारत गाजर खाईल. त्यावर ते जवळजवळ ओरडलेच. ही म्हण माणसापुरती. एवढ्याशा पक्ष्याच्या अंगात शिल्लक नसते, आणि गाजर हा खाण्याचा पदार्थ आहे हेच त्याला कळत नसेल तर तो गाजरासमोर बसून उपाशी मरेल. बिया हळूहळू कमी करायच्या, नवं हळूहळू मिसळायचं आणि रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायचं. वजन फार उतरलं की थांबायचं. दुसऱ्याचं भलं करताना रोज त्याचं वजन करून पाहावं, ही अट मला फारच आवडली. भलं करायला निघालेल्या कितीतरी मंडळींना ती लागू करावीशी वाटते.

बंटीचा प्रतिसाद असा: गाजराच्या किसाकडे त्याने एक डोळा लावून पाहिलं, मग दुसरा डोळा लावून पाहिलं, आणि सही नसलेला चेक परत करावा तसा तो वाटीबाहेर टाकला. मेथी तुडवली. मूग एकेक करून पाण्यात टाकले. (दोनदा पाणी का बदलायचं ते कळलं.) आठ दिवस हेच. मग डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला. पोपट हा थव्याने खाणारा प्राणी. थव्यातले इतर काय खातात ते बघून तो धीर करतो. आता त्याचा थवा म्हणजे तुम्ही.

वाचकहो, याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. रोज सकाळी साडेसातला, पोह्यांच्या वेळेला, पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून मी कच्चं गाजर खातो. नुसतं खाऊन भागत नाही, आवडल्यासारखं खावं लागतं. "वा! काय गोड आहे!" असं मोठ्याने म्हणावं लागतं. पहिल्या दिवशी बंटीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखतो. मुदत ठेवीचे फायदे मी समजावून सांगत असतो तेव्हा खातेदार तसे पाहतात. पण नवव्या दिवशी त्याने एक तुकडा उचलला. गिळला नाही, पण टाकलाही नाही.

ही बातमी अण्णांना कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुधी पानात पडल्यावर त्यांनी हात मागे घेतला. "मीही थव्यातलाच आहे," ते म्हणाले. "हा खाईल तेव्हा मी खाईन." 'हा' म्हणजे अस्मादिक. तेव्हापासून दुधी, कारलं आणि पडवळ हे तीन वार आमच्या घरी सर्वांना सारखेच लागू आहेत.

सहा महिन्यांत बंटी १३२ वरून ११६ ग्रॅमवर आला. गाजर खातो, लाल भोपळा खातो, मेथी फक्त कन्येच्या पानातली खातो. सूर्यफुलाच्या बिया रोज मोजून सहा, त्याही हातावर, बक्षीस म्हणून. त्या मिळाल्यावर तो जो नाचतो, ते पाहताना कॅशिअरसाहेबांचं म्हणणं पुन्हा एकदा आठवतं आणि सातवी बी द्यावीशी वाटते. कन्या डबा बंद करते.

तिच्या वहीत तारीख, बंटीचं वजन आणि खाल्लेले पदार्थ असे तीन रकाने होते. परवा सहज उघडून पाहिली. चौथा रकाना आखलेला आहे. त्यातले आकडे किलोत आहेत आणि अक्षर अण्णांचं आहे.